सेकंडहॅण्ड गांडीव

आणे पठारावर शिकारीचं धनुष्य घेऊन फिरणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. "वाघासाठी का?" आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी 'नाही' म्हटलं की समोरचा डोळा बारीक करून हसतो आणि 'हो' असं समजून निघून जातो. वस्तुस्थिती अशी, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसलेला आहे, आणि हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी माझं धनुष्य पुरतं ओढून होईपर्यंत बिबट्याला जांभई देऊन, मला खाऊन, वर येडगावच्या धरणावर पाणी पिऊन परत येता आलं असतं.

धनुष्य घेण्याचं खरं कारण माझा उजवा खांदा. निवृत्त झाल्यावर मुंबईची खोली मुलाच्या स्वाधीन करून आम्ही दोघं गावी आलो आणि त्याच सुमाराला खांदा आखडला. हात वर जाईना, मागे वळेना. डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबराची एक निळी पट्टी दिली. ती दाराच्या कडीला अडकवून सकाळ-संध्याकाळ ओढायची. उभी नोकरी लेजरवर वाकून काढलेल्या माणसाला दाराशी रस्सीखेच करण्यात काय गोडी वाटणार? अशात ऑगस्ट २०२३ उजाडला. बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा होती. साताऱ्याची अदिती स्वामी, वय वर्षं सतरा, कंपाउंड धनुष्यात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले, १५० पैकी १५०. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंतांच्या हाताखाली तयार झालेली. त्याआधी भारताला या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण कधी मिळालं नव्हतं. मिळालं ते एकाच दिवशी दोन. पन्नास मीटरवर ठेवलेल्या निशाणाचं दहाचं वर्तुळ असतं आठ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. ओजस दोरी गालापर्यंत आणतो, क्षणभर थांबतो, बाण सुटतो. मी पाहिला तो त्याचा खांदा. काय सुरेख मागे जात होता! आपल्यालाही खांदाच मागे न्यायचा आहे, असा सरळसोट हिशोब मी मांडला. निळी पट्टी कडीला लोंबत राहिली.

कंपाउंड म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. मिसुरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन नावाच्या गृहस्थानं १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या शेवटी ते मिळालं. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. याचं उलटं. चाकांचे आस मध्यावर नसतात, त्यामुळे अर्ध्या वाटेवर पूर्ण वजन हातावर येतं, आणि ती चढण ओलांडली की एकदम सत्तर-ऐंशी टक्के वजन उतरतं. मग नेम धरून आरामात थांबता येतं. सांगायचा मुद्दा, चढण ओलांडावी लागते.

नवं धनुष्य घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, घरात बोलायची हिंमत नव्हती. म्हणून जुनं पाहिलं. पुण्यातल्या एका मुलाला नोकरीसाठी बंगळुरूला जायचं होतं. त्यानं स्पर्धेचं लांब धनुष्य घेतलं होतं आणि आधीचं हे काढायचं होतं. "काका, हंटिंगचं मॉडेल आहे, पण निशाण्याला फर्स्ट क्लास चालतं. नुसतं सेट करून घ्या." या 'नुसतं'मध्ये काय काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर तीस इंच, झाडावर मचाण बांधून बसणाऱ्याला वागवायला सोपं. अंगभर पानांचं चित्र रंगवलेलं, म्हणजे जनावराला दिसू नये म्हणून. ती पानं कुठल्या तरी अमेरिकेतल्या रानातली. आमच्या पठारावर हिवर, बाभूळ आणि वाळकी कुसळं. खाली कुकडीच्या पाच धरणांचं पाणी उसाला जातं, वर आमच्याकडे बघायलाही येत नाही. त्या वर्षी पाऊसही हात आखडून पडलेला. माळावर मी ते धनुष्य घेऊन उभा राहिलो की आळ्यापर्यंत सगळ्यात हिरवीगार वस्तू तीच असायची. लपण्यासाठी रंगवलेलं धनुष्य मैलावरून ओळखू यायचं.

पहिल्याच दिवशी दाजींनी ते हातात घेतलं, दोरी हातभर ओढली आणि म्हणाले, "नुसती सोडून बघतो, आवाज कसा येतो." मी असा ओरडलो की आत्या देवघरातून बाहेर आली. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हे या हत्यारातलं पहिलं ब्रह्मवाक्य. बाण असला तर सगळा जोर त्याच्याबरोबर निघून जातो. नसला तर तोच जोर माघारी धनुष्यात शिरतो, चाकं वाकतात, दोरी तुटते, पाती फुटतात. फार हलका बाणसुद्धा तेवढाच घातकी, म्हणून दर पौंडाला निदान पाच ग्रेन वजनाचा बाण हवा असं कारखानदार सांगतात. हे सगळं मी दाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे रिकामं वाजवायचं नाही. मग सरळ ढोल म्हणा की." तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला दोरी ओढायची असायची आणि मी धनुष्य बाळंतिणीसारखं आतल्या खोलीत ठेवायला लागलो.

आता ते ओढायचं. धनुष्यावर चिकटपट्टी लावून त्या मुलानं लिहिलं होतं : ७०. पौंड. म्हणजे जवळजवळ बत्तीस किलो. मी अंगणात पाय रोवले, श्वास भरला आणि खेचलं. दोरी चार बोटं हलली, माझा चेहरा मात्र पूर्ण बदलला असं सौ. म्हणाली. सीतास्वयंवराच्या कीर्तनात धनुष्य न उचलता आलेल्या राजांवर आपण पोट धरून हसतो. मी आता हसत नाही. त्यांच्यात कितीजणांचा खांदा आखडलेला होता, कुणी विचारलंय? पुतण्या तालमीतला, सहा फूट उंच. त्यानं एका दमात ओढून गालाला लावलं आणि वर "काका, हलकं आहे की" असं म्हणाला. तो पुढे म्हणाला, "हे वरखालचे बोल्ट ढिले करून बघू का?" मी त्याच्या हातावर चापटी मारली. एवढा ताण भरलेली वस्तू, उघडून अंगावर आली म्हणजे? धनुष्याला काही झालं नाही पाहिजे, मीच ताकद कमावतो, असं जाहीर केलं.

ताकद कमवायला वेळ लागतो, सामान यायला दोन दिवस. मी सामानाच्या मागे लागलो.

या बाबतीतला शहाणपणाचा क्रम मला आज कुणीही झोपेतून उठवून विचारला तरी पाठ आहे. आधी माणसाच्या मापाला धनुष्य बसवायचं, मग दोरीची तब्येत बघायची, मग बाण टेकतो ती जागा, मग बाण, आणि सगळ्यात शेवटी नेम धरायची साइट. मी सुरुवात केली स्टॅबिलायझरपासून. कारण ओजसच्या धनुष्याला पुढे एक लांबलचक काळा दांडा होता आणि तो फार रुबाबदार दिसत होता. दांड्याचं काम म्हणजे धनुष्याचा तोल सांभाळणं आणि सुटताना होणारी थरथर शोषून घेणं. शिकारीच्या धनुष्याला सहा-आठ इंचांचा पुरतो, कारण झाडीत अडकू नये. मी कार्बनचा तीस इंची मागवला. आमच्या जुन्या घराचे दरवाजे बेताचे. धनुष्य घेऊन ओसरीतून निघालो की दांडा आधी पडवीत पोचायचा, तिथल्यांची चौकशी करायचा, मग मागून मी. आत्यानं विचारलं, "मच्छरदाणीचा का रे? एकच आलाय?"

किंमत सौ.ला कळली ती इथंच. तिचं माहेर बेल्ह्याजवळचं, तिथल्या सोमवारच्या बाजाराचा भाव तिला तोंडपाठ. ती रुपयांत बोलत नाही. "एक शेळी," ती शांतपणे म्हणाली. त्या दिवसापासून घरात प्रत्येक वस्तूची नोंद शेळ्यांत होऊ लागली.

मग बाण टेकवायची जागा, म्हणजे रेस्ट. याच्या दोन जाती. एक पडणारी : दोरी सुटली की ती झटकन खाली पडते आणि बाणाच्या पिसांना वाट मोकळी करून देते. ती बारीक दोरीनं धनुष्याच्या केबलला बांधतात आणि तिची वेळ अचूक जुळवावी लागते. दुसरी गोल, आतून ताठ केसांनी भरलेली, मधल्या भोकातून बाण जातो. माणूस आडवा-तिडवा झाला तरी बाण जागचा हलत नाही. तिला म्हणतात बिस्किट. माझ्या वयात आपण होऊन पडणाऱ्या वस्तूंपासून लांब राहिलेलं बरं, म्हणून मी दुसरी घेतली. पार्सल घेऊन आलेल्या पोरानं पडवीतून हाक मारली, आतून सौ.नं विचारलं काय आलंय, आणि मी खरं तेच उत्तर दिलं : "बिस्किट!" ती चहा टाकूनच बाहेर आली. पाऊण शेळीचं बिस्किट पाहिल्यावर तिनं तो चहा एकट्या पोराला दिला.

साइट हा त्याहून मोठा विषय. शिकारी लोकांची साइट म्हणजे एका कड्यात एकाखाली एक पाच टिकल्या. वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ यार्ड, प्रत्येक अंतराला वेगळी टिकली. हिरवी, लाल, पिवळी, उजेड पिऊन चमकणाऱ्या धाग्यांची. दुसरी एकाच टिकलीची, अंतर बदललं की चाक फिरवून टिकली खालीवर करायची. निशाणाची जागा ठरलेली असेल तर एक टिकली पुरते, हे कुणीही सांगेल. मला मात्र पाच घ्याव्याशा वाटल्या, तेवढ्याच पैशात चार जास्त. माझा चष्मा दुहेरी काचेचा. वरच्या काचेतून निशाण दिसे आणि टिकल्या पुसट होत, खालच्या काचेतून टिकल्या ठसठशीत दिसत आणि निशाण पठारावरून नाहीसं होई. मान मधोमध धरली की दहा टिकल्या. त्यातली कुठली तीस यार्डांची? द्रुपदाच्या दरबारात मासा एक होता, पाण्यातलं प्रतिबिंब एक, आणि अर्जुनाला चाळिशी लागलेली नव्हती. शिवाय दोरीत दोन पदरांच्या मध्ये बसवलेली पीप नावाची एक बारीक चकती असते, तिच्या भोकातून डोळा साइटकडे पाहतो. जुन्या दोरीला पीळ पडलेला, त्यामुळे पुतण्यानं धनुष्य ओढलं की पीप मान फिरवून भलतीकडे बघायची. भोकाच्या जागी दोरीच दिसायची. घरात माझ्याशी असं वागणाऱ्यांची कमतरता नव्हती, म्हणून मला त्यात बिघाड आहे असं वाटलंच नाही.

बाणांच्या वेळी मात्र मी अभ्यास केला. कार्बनच्या बाणावर आकडा असतो. ३४०, ४००, ५००. हा ताठपणाचा आकडा. मोठा आकडा म्हणजे जास्त ताठ, हे उघडच आहे, आणि सत्तर पौंडांच्या धनुष्याला ताठ बाण हवा, म्हणून मी छाती ठोकून ५०० घेतले. खरा प्रकार असा, की बाण अठ्ठावीस इंचांवर दोन टेकूंवर ठेवतात, मधोमध १.९४ पौंडांचं वजन टांगतात आणि तो किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या हिश्शात मोजतात. अर्धा इंच वाकला तर ५००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लेचापेचा. पुतण्यानं हे मला मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "छापायची चूक असेल." टोकं मात्र मी साधी घेतली, निशाणात रुतणारी. शिकारीची पात्याची टोकंही यादीत होती, सौ.नं त्यांचं चित्र पाहिलं आणि काही न बोलता फोन माझ्या हातातून काढून उशीखाली ठेवला.

उरला रिलीज. कंपाउंडची दोरी बोटांनी नाही ओढत. मनगटाला पट्टा, पट्ट्याला एक चिमटा, आणि तो दोरीवर बांधलेल्या वीतभर दोऱ्याच्या फाशात, डी-लूपमध्ये, अडकवायचा. दोऱ्याची टोकं काडीनं जाळून गोळा करायची म्हणजे गाठ निसटत नाही. ते काम पुतण्यानं चोख केलं. पूर्ण ओढून नेम धरला की तर्जनीनं घोडा दाबायचा, चिमटा उघडतो, बाण जातो. ओढताना तर्जनी घोड्याच्या मागे ठेवायची. हा नियम खोक्यावर लाल अक्षरांत होता. इंग्रजी बारीक अक्षरं वाचायला मी खालची काच वापरतो आणि त्या वेळी मी वरच्या काचेत होतो.

सरावाला जागा शोधली तीही नामी. कंपाउंडचा बाण चुकला तर पाव किलोमीटरच्या पुढेही जातो, मागे भरभक्कम आडोसा हवाच. गावाबाहेर पाझर तलाव आहे. पाणी साठावं म्हणून बांधला, आणि साठत नाही म्हणून माझ्या कामाला आला. कोरड्या पोटात उभं राहायचं, समोर मातीचा उंच बांध. आधी मी बांधापुढे कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. आत्यानं ते ऐकलं. "टोक मोडून कडब्यात राहिलं आन् गाईच्या पोटात गेलं तर? तुझा खांदा बरा करायला गाय मारतोस व्हय रं?" बिनतोड. मग चिंध्यांनी भरलेली गोणी हा सगळ्यात स्वस्त उपाय सापडला. गच्च भरली की बाण धरून ठेवते आणि सहज सोडते. सौ. त्या दुपारी माहेरी निघाली होती. म्हणाली, "माळ्यावर दोन गाठोडी आहेत. डावीकडचं बोहारणीसाठी काढलेलं आहे, ते घ्या." मी शिडीवर चढलो, गाठोडं काढलं, गोणीत कोंबलं, सुतळीनं तोंड शिवलं. शिडीवर चढलेला माणूस भिंतीकडे तोंड करून असतो की दाराकडे, यावर डावं कुठलं ते ठरतं. त्या वेळी हा विचार डोक्यात आला नाही.

तर तलावात मी उभा. बिस्किट, पाच टिकल्या, दांडा, रिलीज, सगळा साज चढवलेला. दाजी, पुतण्या आणि कांदा काढायला आलेल्या चार बाया बांधावर नाही, माझ्या पाठीमागे. ते तरी मी नीट केलं होतं. बाण लावला, चिमटा अडकवला, देवाचं नाव घेतलं आणि सर्व ताकदीनिशी ओढलं. त्या दिवशी खांद्यात काय संचारलं कोण जाणे, दोरी चढणीच्या ऐन माथ्यापर्यंत आली. तिथं हात थरथरायला लागला. आणि थरथरणारी तर्जनी घोड्यावर होती.

चिमटा उघडला. बाण कसाबसा उडी मारून बांधाच्या पायथ्याला झोपला. माझी उजवी मूठ, जिला बत्तीस किलो खेचायची सवय लागली होती आणि आता समोर खेचायला काहीच नव्हतं, सरळ माझ्या तोंडावर आली. स्वतःला ठोसा मारून स्वतः पडलेला माणूस त्या बायांनी आधी पाहिला नसावा. त्या चांगल्या होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या. दाजींनी मात्र मला उठवायच्या आधी विचारलं, "कोण जिंकलं?"

आणे घाट उतरताना गुळुंचवाडीला दगडाचा एक नैसर्गिक पूल आहे. ओढ्यानं कातळ पोखरून तयार केलेला, मळगंगेच्या देवळाजवळ. तो किती पावसाळे उभा आहे देव जाणे. माझ्या तोंडातला पूल आळेफाट्याला दोन वर्षांपूर्वी बसवलेला, सिरॅमिकचा, आणि तो तलावात पडला. पुतण्यानं मातीतून शोधून रुमालात बांधला. त्याच रस्त्यानं, त्याच पुलाच्या फाट्यावरून, आम्ही मोटारसायकलनं आळेफाट्याला गेलो. दंतवैद्यांनी रुमाल उघडला आणि विचारलं, "मार बसलाय. कुणाशी भांडण?" मी पट्ट्यासकट मनगट वर केलं. त्यांनी केसपेपरवर काय लिहिलं ते मला वाचू दिलं नाही.

रंगदास स्वामींची यात्रा तोंडावर आलेली, ती नेमकी माझ्या तोंडावर. आण्याची आमटी-भाकरी खायला लोक कुठून कुठून येतात. कढयांतून उकळत्या आमटीचा वास अख्ख्या गावावर पसरतो. त्या वर्षी मी पंगतीत बसलो आणि भाकरीकडे पाहत आमटी प्यायलो. वाढणारा प्रत्येक जण थांबून विचारी, "नाना, वाघानं मारला का हात?" निदान बिबट्याच्या नावावर खपत होतं. मी मान हलवली.

ती मान हलवणं महागात पडलं. आठवड्याभरात वनरक्षक घरी आले. ओळखीचे, चहाला थांबणारे. त्यांनी धनुष्य उलटसुलट करून पाहिलं, दांडा मोजला, बिस्किटात बोट घालून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाना, कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' कशाला म्हणायचं ते लिहिलंय. बंदूक, जाळं, फासा, विष. त्यात धनुष्यबाणही आहे. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, प्रयत्न केला तरी शिकारच." मी घाईघाईनं सांगितलं की हे फक्त निशाण्यासाठी, तेसुद्धा तलावात, आणि मारहाण झाली ती मला. त्यांनी माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. "ते समजलं. तरी रात्री उसाच्या कडेनं हे खांद्याला लावून जाऊ नका. जखमी बिबट्याला ठेवायला माणिकडोहचं केंद्र आहे. तुमच्यासाठी तसं काही नाही." पुढे ते सौ.ला म्हणाले, "वहिनी, पात्याची टोकं तर आणली नाहीत ना?" सौ.नं उशीकडे पाहिलं.

शेवटी पुतण्यानंच माझ्या नकळत पुण्यातल्या एका प्रशिक्षकांची वेळ घेतली. मैदानावर बारा-तेरा वर्षांच्या मुली बाण मारत होत्या, एका रेषेत, गंमत केल्यासारख्या. मी माझं हिरवं प्रकरण गोधडीतून बाहेर काढलं तेव्हा दोघी-तिघी थांबून बघायला आल्या. प्रशिक्षकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, धनुष्याकडे नाही. "हात पसरा." डावा पसरला, उजवा अर्ध्यात अडकला. त्यांनी डाव्या हाताचं छातीच्या मध्यापर्यंत माप घेतलं, दुप्पट केलं आणि अडीचनं भागलं. साडेसव्वीस इंच. माझी दोरी तितकी मागे यायला हवी. धनुष्य लावलेलं होतं एकोणतीसला. त्या मुलाच्या आणि आमच्या पुतण्याच्या मापाला. "तुम्ही हे पूर्ण ओढलं असतंत तर दोरी कानामागे गेली असती," ते म्हणाले. "बरं झालं ओढता आलं नाही."

मग त्यांनी दांडा काढला. पाच टिकल्यांची साइट काढली. "बाकीचं सामान कुठं आहे? जुन्या पिशवीत?" पिशवीच्या आतल्या कप्प्यात सहा एल-की असतात म्हणे. पुतण्या खाली बघायला लागला. त्या किल्ल्यांनी तो गेले काही महिने मोटारसायकलचं हँडल आवळत होता. खिशातून काढून दिल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत, ज्या बोल्टना मी घरात कुणाला हात लावू दिला नव्हता, ते प्रशिक्षकांनी वरचा-खालचा सारखेच वेढे मोजत ढिले केले, चाकावरचे दोन स्क्रू काढून एक पट्टी सरकवली, पुन्हा बसवली. हे मॉडेल मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांना चालावं असंच बनवतात, माप आणि वजन दोन्ही घरी बदलता येतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. चहा निवायच्या आत सत्तरचं तीस पौंड झालं. स्पर्धेतसुद्धा साठच्या वर परवानगी नसते, सत्तरला घेऊन मी कुठं निघालो होतो, असं त्यांनी विचारलं नाही एवढा चांगला माणूस.

बाण त्यांनी एक-एक वाकवून, कानाशी धरून, कुठं तडा आहे का ते पाहिलं. "पाचशेचे? तुमच्या तीस पौंडांना हे बरोबर चालतील. कुणी निवडले?"

"मी," मी म्हणालो. पुतण्याला बोलू दिलं नाही.

व्यायाम सांगितला तो असा : पाच मीटरवर गोणी ठेवायची, डोळे मिटायचे आणि नुसतं ओढायचं-सोडायचं. नेम नाही, साइट नाही. खांदा मागे कसा जातो तेवढंच बघायचं. आणि घरी निळी रबरी पट्टी असेल तर ती आधी. दोन्ही खांद्यांनी. मी ज्या वस्तूंवर साडेतीन शेळ्या घालवल्या होत्या, त्यांतलं बिस्किट, रिलीज आणि बाण राहिले. बाकी सगळं एका पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. दांडा पिशवीत मावला नाही. एसटीत तो मांडीवर आडवा धरून आलो. शेजारच्या बाईनं विचारलं, टीव्हीचा अँटेना का?

रविवारी सकाळी सौ. पहिल्यांदाच तलावात आली. इतक्या शेळ्या गेल्या, निदान एक तरी बाण बघते म्हणाली. गोणी पाच मीटरवर. तोवर माझा आणि पुतण्याचा एकही बाण त्या गोणीला लागलेला नव्हता, सगळे बांधाला. मी डोळे मिटले, तर्जनी घोड्याच्या मागे ठेवली, ओढलं. वजन चढलं, माथा आला, आणि मग एकदम हातावरचा भार उतरला. थांबता येत होतं! खांद्यात कुठं तरी एक गाठ हलकेच सुटली. घोडा दाबला. 'थप्प' असा आवाज आला.

"लागला!" पुतण्या ओरडला. मी डोळे उघडले. बाण गोणीत पिसांपर्यंत रुतलेला. धावत जाऊन मी तो एक पाय गोणीला लावून खेचला. बाणाबरोबर लांबलचक सोनेरी तार बाहेर आली, तिच्यामागून मोरपंखी रेशमाचा एक पोपडा, आणि त्यावर अर्धा मोर.

सौ. पुढे आली. तिनं सुतळीची शिवण उसवली, आत हात घातला, घडी बाहेर काढली आणि सूर्याकडे धरली. घडीच्या सगळ्या पदरांतून, अगदी मधोमध, एक स्वच्छ गोल भोक. दहाच्या वर्तुळातलं.

"ही मी दिवाळीपासून शोधतेय," ती म्हणाली.

"किती शेळ्यांची होती?" दाजींनी विचारलं.

"या वेळी हिशोब बेल्ह्याला नाही," ती पैठणीची घडी घालत म्हणाली, "येवल्याला."